चांदी रेडी आणि कोंड्याचे चमचे

गडमुडशिंगी,
१४ डिसेंबर २००३

चि. बाबासो यास आक्काताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पार्सल मिळालं. आजऱ्याच्या मामांनी काजू पाठवले असतील म्हणून सूनबाईनं घाईनं उघडलं, तर आत तुझे कोंड्याचे चार चमचे. एक चहात घालून ढवळला. कपात लगदा आणि माझ्या हातात नुसती दांडी. तुझे दाजी तीन दिवस हसताहेत. माझा भाऊ कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि घरी पीठ मळत बसतो, हे मी गावात कुणाला सांगू?

नातवाचं, राजवर्धनचं, जावळ अठरा जानेवारीला रविवारी धरलंय. तीन बकरी आणि चारशे माणूस. पत्रावळ्या-द्रोण पानांचे आणायला दाजी तयार झाले, पण चमच्यावर हटून बसलेत. पावणं शहरातलं हाय, चमचा पायजेच की, हे एकच पालुपद. प्लॅस्टिकचे आणतो म्हणतात.

मला त्या चमच्यांचं नाव काढलं तरी धडकी भरते. दोन वर्षांपूर्वी देवीच्या म्हाईचं गावजेवण झालं, सगळं खरकटं उकिरड्यावर गेलं आणि आठ दिवसांत आपली बिजली म्हैस तडफडून मेली. गुरांच्या डॉक्टरांनी पोट फाडलं तर आत प्लॅस्टिकचा हा एवढा गोळा. तिची रेडी चांदी आता गाभण आहे आणि दावं सोडलं की उकिरड्याकडेच धावते. आईचीच खोड. हीही गेली तर मी गोठ्यात पाय ठेवणार नाही. तेव्हा रश्शात टिकेल असा चमचा जमत असेल तर दे, नाहीतर सरळ नाही म्हण. मला झुलवत ठेवू नकोस.

तुझा संसार सांभाळणाऱ्या प्रीतीला आशीर्वाद सांग. माया आहेच, पण उत्तराला उशीर केलास तर मायेचीही खात्री नाही.

तुझी,
आक्काताई


आजरा,
७ जानेवारी २००४

ती. आक्काताईच्या चरणी बाबासोचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

चमचा चहात बुडवायला तुला कुणी सांगितलं होतं? बरं, ते जाऊ दे. आता कोंडा कमी करून ज्वारीचं पीठ वाढवलंय आणि बेकरीवाल्याकडून दोनदा भाजून घेतलंय. काल ऊन ऊन रश्शात चमचा सोडून मी घड्याळ लावून बसलो. वीस मिनिटं ताठ उभा होता. प्रीती वैतागली आहे. घरात पाय ठेवीन तिथे पीठ, म्हणते. तरी तिनंच कोंड्याचा वास मोडायला जिरं आणि तीळ घातले. सहाशे चमचे शुक्रवारच्या एस.टी.नं पाठवतोय. कोरड्या डब्यात ठेव. कॉलेजात परीक्षा आहेत, मला येता येणार नाही. रागावू नकोस.

एक विचारायचं आहे. समोर कधी तोंड उघडलं नाही. त्या म्हाईला शहरातून गुलाबी चमच्यांची पाकिटं मीच आणली होती. पंगतीत मिरवत वाटलीही मीच. बिजलीच्या पोटातल्या गोळ्यात ते गुलाबी चमचे होते का? तू पत्रात नुसतं प्लॅस्टिक लिहिलंस. दाजींना विचारायचं धाडस होत नाही. खरं असेल ते लिही.

लहान भावावरचा लोभ उत्तर लिहितानाही राहू दे.

तुझा,
बाबासो


गडमुडशिंगी,
२० जानेवारी २००४

चि. बाबासो यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

जावळ पार पडलं. राजवर्धन इतका रडला की कात्रीवाल्यानंही हात जोडले. आता तुझ्या चमच्यांचा पराक्रम ऐक. सहाशे चमचे दुसऱ्या पंगतीतच संपले, कारण लोकांनी ते खाल्ले. आमच्या चुलत सासूबाई झुंबरबाईंनी सुरुवात केली. भाकरी कुस्करतात तसा चमचा तांबड्या रश्शात कुस्करला आणि खुसखुशीत हाय, आनी दोन वाढा म्हणाल्या. मग काय, सगळी पंगत चमचे मागायला लागली. जिरं घालायची अक्कल प्रीतीला कुणी दिली?

चमचे संपले तसं दाजींनी माळ्यावरून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. मला न सांगता आणून ठेवलं होतं. मी ते हिसकावून ट्रंकेत घातलं आणि किल्ली कमरेला लावली. पाहुण्यांसमोर दाजी मोठ्यानं बोलले, मीही बोलले. तोवर झुंबरबाईंनी द्रोण तोंडाला लावून पांढरा रस्सा ओरपला. त्यांचं बघून शहरातल्या पाहुण्यांनीही तेच केलं. आपल्याकडं रश्शाला चमचा लागतो हे आपल्याला शिकवलं कुणी, देव जाणे.

चांदीनं संध्याकाळी दावं तोडलंच. पत्रावळ्या, द्रोण, चमच्यांचे तुकडे, सगळं फस्त केलं. मी दोन दिवस गोठ्यात बसून होते. आज सकाळी तिनं शेण टाकलं, पोटभर चारा खाल्ला आणि रवंथ करत बसली. मला रडू आलं.

तू विचारलंस. होते. सात होते. विहिणीनं माझ्या माहेराचं उणं काढू नये म्हणून नव्हे, तुझे दाजी तुला जन्मभर बोलतील म्हणून मी ते गुपचूप उचलले आणि चिंचेखाली पुरले. तुझं पत्र आल्यावर जाऊन उकरून बघितलं. बिजली कधीच मातीला मिळाली. चमचे तसेच आहेत, रंगही उडालेला नाही. पुन्हा तिथंच पुरलेत.

दाजींना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. परीक्षा संपल्या की ये, चांदी व्यायच्या आत. येताना चमचे आणू नकोस.

तुझ्यावर रागही आहे आणि लोभही आहे, दोन्ही समजून घे.

तुझी,
आक्काताई