ओमानला कायमची गेली

जितेश,

'चिरंजीव' लिहायला हात धजत नाही.

आई माझ्याकडे ओमानमध्ये सीबला तीन महिने राहायला आली, तेवढ्यात तू मतदार यादीतून तिचं नाव काढायला लावलंस. कारण दिलंस, 'ओमानला कायमची गेली.' डोंगर पोखरणाऱ्या चिरेखाणवाल्यांच्या जोरावर तू सरपंचपदाला उभा होतास आणि आई तुला मत देणार नाही, हे तुला ठाऊक होतं. मतदानाच्या दिवशी, गावी परतलेली ती केंद्रावर सांगत राहिली, "अरे, मी हयच उभी आसय!"

माझ्या शाळेत डनीस नावाची काळी अमेरिकन शिक्षिका आहे. तिची आजी मतदार नोंदणीला गेली, तेव्हा काळ्यांना मत नाकारायला गोऱ्या कारकुनाने विचारलं होतं, "साबणाच्या वडीत बुडबुडे किती?" यंदा तिच्या मावशीचं नाव यादीतून गेलं. म्हणे पत्ता बदलला! मावशी चाळीस वर्षं त्याच घरात राहते.

मग मी आईचं सांगितलं. डनीसने विचारलं, "कोणी काढलं नाव?"

"ऑफिसची चूक," मी म्हणाले. तिच्या आजीचा कारकून निदान परका होता.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुला लाज वाटणार नाही आणि रडेल ती आईच.

काल तिने नवा अर्ज भरला. कर्मचारी म्हणाला, "नातेवाईक म्हणून मुलाचं, सरपंचांचं नाव लिहू?"

आईने विचारलं, "मेलेल्या माणसाचा चलात?" आणि बाबांचं नाव सांगितलं.

एकेकाळची तुझी ताई,
अस्मिता