पोळ्याच्या दिवशी आलेलं पाणी

२ सप्टें., पोळा

ऑफिसला सुट्टी. डोक्याला शिकेकाई लावून नळाखाली बसले आणि नळ कोरडा. घरमालकीण काकू पोट धरून हसल्या. "पोळ्याले नळ येत नाही, माहीत नाही का तुले? अन् म्हणे नगरपरिषदेत नोकरी!" सगळ्या गावाने काल भरून ठेवलं होतं. मी सोडून.

संध्याकाळी तोरणाखाली दादाजी दिसले, आमचे वॉल्वमन. बैलांना नवी झूल, स्वतःला नवं धोतर. "आज कायचं पाणी म्याडम? आज बैलायचा दिवस. माहा बाप वॉल्व सोडे, तवापासून पोळ्याले सुट्टी." कुणाच्या आदेशाने, विचारलं. त्यांनी बैलांकडे बोट दाखवलं.

न.प.त येऊन तीन महिने. पद: माहिती समन्वयक. म्हणजे नक्की काय, ते अजून शोधतेय.

४ सप्टें.

राहवलं नाही. सरकारी साइटवर आमच्या पाणीपुरवठ्याची नोंद उघडली. पोळ्याचा दिवस: सातही झोन, प्रत्येकी ४५ मिनिटं, दाब समाधानकारक. गंमत वाटली. खाली सरकले तर उद्याचे ४५. परवाचे ४५. थेट ३० तारखेपर्यंत. पुढच्या रविवारचं पाणीसुद्धा येऊन गेलेलं! एकटीच खुदखुदले.

मग मागचे महिने पाहिले. सगळीकडे ४५. वेळापत्रकात लिहिलंय तेवढंच, मिनिटाचा फरक नाही. नोंद करणार: "ऑपरेटर". हा गृहस्थ कोण?

५ सप्टें.

ऑपरेटर म्हणजे पाच माणसं आणि एक पासवर्ड, कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेला. भरतात मात्र पाणी विभागाचे निंबार्तेबाबूच. एक तारखेला बसतात, महिना उरकतात.

"मंग का करू? साइट चालते का रोज? मांगच्या साली दोन दिवस कोरे राहिले तं मले नोटीस आली. भरलेलं कोणी पायत नाही, कोरं सारे पायते."

डब्यातली अळूची वडी मला दिली. माणूस लबाड नाही, हेच अवघड आहे. लबाड असता तर भांडणं सोपं होतं.

९ सप्टें.

भरलेलं कोणी पाहत नाही, हे खोटं. पाहतात. नव्या पाण्याच्या टाकीचा प्रस्ताव आला. कोणत्या झोनला मिळणार ते याच आकड्यांवरून ठरलंय. झोन ७, तळ्याकाठची ढिवरांची वस्ती, यादीतून बाद. कारण: पुरवठा पुरेसा. आकड्यांच्या दुरुस्तीची मुदत २० तारखेपर्यंत.

ऑफिसच्या फाटकाशी मासळी विकतात त्या सुमनबाई त्याच वस्तीतल्या. विचारलं, किती वेळ येतं पाणी? "वेळ कोण पायते बाई. अडीच गुंड भरते अन् नळ फुसफुस करते." अडीच गुंड म्हणजे अडीच हंडे. पण मिनिटं किती? आता पाहिल्याशिवाय चैन नाही पडायची.

११ सप्टें.

पहाटे दादाजींबरोबर गेले. वॉल्वची चावी त्यांच्या खांद्याएवढी उंच. साडेअकरा आटे, मोजून. मग चावीचं टोक पाइपवर ठेवून वरच्या टोकाला कान. मलाही ऐकवलं. आत खरंच काहीतरी धावत होतं! "हे भरलं पाणी. अन् आता आयका... हे पोकळ. सातले जाईपर्यंत दम सरते."

पळत वस्तीत. शेवटच्या नळापाशी मोबाइलवर वेळ लावून मोजलं. अकरा मिनिटं. तेवढ्यात बायकांची रांग, कळशा, सुमनबाईंचा आवाज: "तीनदा अर्ज देला म्या. बाबू म्हणते, कंपुटरात तुमच्याकडं पाणी हाय. मंग मी खोटी का माहा नळ खोटा?"

दिवसभर लाज वाटत राहिली. इतके दिवस मी या प्रकाराला गंमत म्हणत होते.

१२ सप्टें.

सीओ साहेबांकडे गेले. (कोल्हापूरकडचे, मुख्याधिकारी म्हणून माझ्यासारखेच नवे.) शांतपणे ऐकलं. "आकडे बदलले, तर आधीचे कसे आले हे विचारतील. तेव्हा काय सांगायचं?"

मी उलट विचारलं, सर, हे आकडे कुणाचे? पाणी विभागाचे, की बाबूंचे, की माझे? बहुतेक साहेबांनाही पहिल्यांदाच हा प्रश्न पडला. शेवटी: "आठवडाभर खरं मोजा. मग बघू."

बघू म्हणजे हो की नाही? साहेबांचा चेहरा वाचता येत नाही.

१४ सप्टें.

मोजायचं कसं, तर मिस्ड कॉल! दादाजींना लिहायचा कंटाळा. वॉल्व सोडला की एक रिंग. प्रत्येक झोनच्या शेवटच्या घरातून पाणी आलं की एक, गेलं की एक. झोन ७ सुमनबाईंकडे. मी अंथरुणातच वेळ टिपते. पहाटेपासून फोन किणकिणतोय, काकू संशयाने बघतात. "लग्नाचं जमून राहिलं का?"

झोन २: ५१ मि. झोन ४: ३८. झोन ७: ९. पंचेचाळीस कुठेच नाही. आकडे असे वेडेवाकडे आले की किती खरे वाटतात.

१८ सप्टें.

आतापर्यंतचा तक्ता नि.बाबूंसमोर ठेवला. चष्मा काढला, पुसला, घातला. "मार्चमंधी रिटायर हाय म्या. आता चौकशीत घालतं का पोरी?"

या माणसाने पहिल्याच दिवशी मला स्वतःची खुर्ची दिली होती.

जाताना दारात थांबले. "माहं घर झोन दोनमंधी. आमच्याकडं भरपूर येते. मले वाटलं, साऱ्यायकडं येत असन."

१९ सप्टें.

दुरुस्तीच्या अर्जात "ऑपरेटर" चालत नाही. पूर्ण नाव मागतात. मी माझं नाव टाकायला घेतलं. भीती वाटत होती, खोटं कशाला लिहू. नोकरी कंत्राटी आहे माझी.

मागून नि.बाबू. "सरक." कीबोर्ड ओढला. "चूक माही, नाव तुहं कायले?" एका बोटाने स्वतःचं नाव टाइप केलं, तीन चुका, तिन्ही सुधारल्या. खाली रकाना: दुरुस्तीचं कारण. तिथे लिहिलं: "नोंदी पाणी सुटण्याआधी केल्या होत्या. पोळ्याला पाणी सुटत नाही."

रडू आलं मला. ते म्हणाले, चहा सांग.

साइटवर आलं: मुख्याधिकाऱ्यांच्या मंजुरीसाठी प्रलंबित. साहेब नागपूरला बैठकीला गेलेत.

२० सप्टें.

मुदत सहापर्यंत. साहेब दुपारी परत आले. थेट केबिनमध्ये, दार बंद. दोनदा आत फोन वाजला. झोन ७ समोर अजून "पुरवठा पुरेसा"च दिसतंय. सुमनबाई टोपलं रिकामं करूनही फाटकाशी बसून आहेत. "मंजूर झालं तं रिंग देशीन." त्यांच्या फोनवर मी रिंग द्यायची, हे नवीनच.

पाच वीस. नि.बाबू साइट उघडून बसलेत. आज सकाळपर्यंतचे खरे आकडे भरले. मी मान लांब करून पाहिलं.

उद्याचा रकाना कोरा ठेवलाय.