वाघानं नेलेला पणजोबा

६ नोव्हेंबर २०२५
मिळाली! कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीची, नक्कल मिळाली! तहसीलच्या अभिलेख कक्षात किती चकरा झाल्या, पण मिळाली. पणजोबांचं नाव, जात, गाव, सगळं स्वच्छ. 'पत्रू. मयत. कारण वाघ. एप्रिल १९४८.' लहानपणापासून ऐकलेलं असं सरकारी कागदावर बघून काटाच आला अंगावर. मोहफुलं वेचायला गेले आणि वाघानं नेलं. गावात आम्हाला अजून 'वाघाचे' म्हणतात. केवढा तोरा आहे मला त्याचा!
आता माझी जात पडताळणी होईल. सिस्टरची नोकरी पक्की. उद्या बाबांना दाखवते.

७ नोव्हेंबर
दाखवली नाही.
ड्युटीवर नक्कल पुन्हा वाचली. खाली आजोबांच्या जन्माची नोंद आहे. श्रावण, डिसेंबर १९४९. बाप पत्रू, आई सुगंधा.
बाप अठ्ठेचाळीसच्या एप्रिलमध्ये मेला. पोरगा एकोणपन्नासच्या डिसेंबरात!
मी नर्स आहे. मला कोणी समजावून सांगायला नको.

८ नोव्हेंबर
शेवटी दाखवलीच. बाबांनी वाचलीसुद्धा नाही. 'काऊन उकरून राह्यली तू हे?' म्हटलं, पडताळणीसाठी लागतं. तर एकदम ओरडले — 'वाघाचे म्हंजे काय, समजलं ना आता? शाळेत पोरं माह्या बापाले म्हणत, तुह्या बापाले तं वाघानं खाल्लं, मंग तू कोणाचा? वाघाचा!'
शिवी होती ती. शिवी! आणि मी नर्सिंग कॉलेजात ती मिरवत होते.
आई मागून हळूच म्हणाली, तुझे आजोबा आपल्या मायशी जन्मभर बोलले नाहीत. एकाच घरात! सुगंधाबाई भात वाढायची, आजोबा खाली बघून जेवायचे. आजोबा चार वर्षांपूर्वी गेले, तोवर मायचं नाव तोंडातून काढलं नाही.
मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर
बाबा बोलत नाहीत. मीही नाही.

१६ नोव्हेंबर
सुट्टी होती. मूल शहरातल्या घरून स्कूटीनं आमच्या जुन्या गावाला गेले. धानाची कापणी चालू, घराघराला कुलूप. डोमाआजा तेवढा अंगणात उन्हाला बसलेला. नव्वदीचा असेल. त्याचा बाप तेव्हा गावचा कोतवाल. त्यानंच ते बुक लिहिलं. मी नक्कल वाचून दाखवली आणि विचारलं — आजा, हे कसं?
त्यानं नक्कल हातात घेतली, उन्हात धरली. मग म्हणाला, 'वाघगिघ काई नोहोता, बाई. पत्रूले महारोग झाला होता.'
मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.
'बोटं झडत होती त्याची, फडक्यात लपवे. गावाले समजलं असतं तं घर जाळलं असतं. एका राती तो आमच्या घरी आला. माह्या बापाले म्हणे — भाऊ, मले वाघानं नेलं असं लिव. रोगी लिवशीन तं माह्या घरची पाण्याची वाट बंद होईन.'
स्वतःचं मरण पणजोबांनी स्वतःच लिहून घेतलं!
'आणि पोरगं?' मी विचारलं.
'नदीपल्याड रोग्यायची येगळी वस्ती होती, टोली म्हणत तिले. तुही पणजी डोंग्यात बसून त्याले तांदूळ नेऊन दे. पोरगं त्याचंच. म्हणून तं माह्या बापानं पोराच्या नावापुढं पत्रूचंच नाव लिवलं.'
'तिनं गावाला सांगायचं ना!'
'मंग तिले बी हाकललं असतं.'
'निदान पोराला?'
'लहान होता तं बोलून टाकलं असतं त्यानं. मोठा झाला तं तो तिच्यासंगं बोलेच ना. सांगीन कोणाले?'

१७ नोव्हेंबर
कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणात मी घरोघर सांगते — गोळ्या घ्या, बरा होतो, भिऊ नका. आज आंघोळीनंतर आरशासमोर उभी राहून पाठीवर चट्टा शोधत होते. मी!

१९ नोव्हेंबर
बाबांना सगळं सांगितलं. ते धानाची पोती मोजत होते. मोजणं थांबलं. पोत्यावरच बसले. 'म्हंजे बुढी खरी होती?' एवढंच. मग रडले. मी बाबांना रडताना कधी बघितलं नव्हतं, आजोबा गेले तेव्हाही नाही. म्हणत होते, 'माहा बाप तं तिले चोर समजूनच मेला ना वं!'
अर्जाला नक्कल जोडली. समितीनं तारखांचं विचारलं तर खरं तेच सांगणार. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

२३ नोव्हेंबर
बाबा स्वतःच म्हणाले, चाल. वैनगंगेच्या पुलावरून गडचिरोलीच्या बाजूला गेलो. विचारत विचारत टोली सापडली. आता दहा-बारा घरकुलं आहेत, सिमेंटचा रस्ता आहे. रोगी कुणीच उरलं नाही, त्यांची पोरंनातवंडं राहतात.
पत्रू म्हटल्यावर सगळ्यांनी रुखमाबाईच्या घराकडे बोट केलं. सत्तरीची, ताठ बाई. 'पत्रूबुवा? मीच सांभाळला तो. हात कामाचे नोहोते, मी भरवत जाओ.' पुराच्या एका साली गेले म्हणे. नदीकाठीच पुरलं, ती जागाही आता नदीनं घेतली.
म्हणजे कितीतरी वर्षं जिवंत होते! इकडे आम्ही दरवर्षी त्यांना पितरांचं जेवण घालत होतो.
अंगणातल्या चुलीवर चहा ठेवता ठेवता तिनं बाबांना विचारलं, 'तुमच्या बापाचं नाव काय, भाऊ?'
'श्रावण.'
ती आत गेली. परत बाहेर आलीच नाही. चूल विझली तरी नाही. शेवटी शेजारीण म्हणाली, जा आता तुम्ही. आम्ही निघालो. काय चुकलं, काही कळलं नाही.

३० नोव्हेंबर
आज सकाळी रुखमाबाई आली. बसनं, एकटी. पत्ता विचारत विचारत. दारातच उभी राहिली, आत येईना.
'सुगंधा माही बी माय. पह्यल्या पोराले घेऊन ती गावात गेली, वाघाचं म्हणून चिडवलं, पण गावानं चालवून घेतलं. दुसऱ्या खेपेले नसतं घेतलं. म्हणून मले बापाजवळ ठेवलं.'
बाबा उठून दाराशी गेले.
तिनं घरात नजर फिरवली. म्हणाली, 'श्रावण कुठी हाय? बलावा त्याले. म्हणा, बहीण आली.'