कपाशीला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात

अमडापूर, ता. चिखली
९ डिसेंबर २०१८

प्रिय बाबा,

हे पत्र मुद्दाम तुमच्या मराठीत लिहिते आहे. नाहीतर पहिल्याच ओळीला तुम्ही लाल पेन काढाल आणि मला काय म्हणायचंय ते राहूनच जाईल. मी चिडले आहे. तुमचे जावई इंद्रभान म्हणाले, दोन दिवस थांब, राग उतरला की लिही. मी थांबले. उतरला नाही.

मी ब्लॉग का सुरू केला, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. आमच्याकडे कपाशीची माहितीपत्रकं यायची. त्यात 'प्रादुर्भाव', 'व्यवस्थापन', 'उपाययोजना'. ती वाचून कोणी काही करत नसे. चौकातला हॉटेलवाला त्यात भजी बांधून द्यायचा. म्हटलं, वावरात आपण जसं बोलतो तसंच लिहून पाहू. नावसुद्धा 'पऱ्हाटी' ठेवलं. दोन वर्षं वाचणारे कोण? तुम्ही, पुण्याहून तुमचा लेक ऋत्विक, आणि अधूनमधून चुकून आलेला एखादा. रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. मी तिथं बसले की सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायच्या, "गेली बाई टाकीवर, आता सयपाक मोबाईलच करीन." रोज तण निंदून आल्यावर कंबर मोडलेली असायची, तरी आठवड्याला एक लेख गेलाच पाहिजे, असं मीच स्वतःला बजावलं होतं. कशाच्या जोरावर, ते मलाही सांगता येत नाही. इंद्रभान शेताबद्दल कमी बोलतात, ब्लॉगबद्दल त्याहून कमी. पण जेवताना न चुकता विचारायचे, "आज काय लेहलं?" तेवढं पुरायचं.

आणि तुमच्याकडून काय यायचं? चुका. लेख टाकला की तासाभरात तुमचा संदेश: 'काऊन' नव्हे, 'का'. 'मले' नव्हे, 'मला'. 'लेहणे' असे क्रियापद मराठीत नाही. बाबा, आहे हो. तुमची आई बोलायची. मी त्या जिन्यावर बसून एकटीच तुमच्याशी भांडायचे.

मग मागच्या वर्षीचा दसरा. पऱ्हाटी अशी लागली होती की येणारा-जाणारा बांधावर थांबून बघायचा. मी सहज एक हिरवं बोंड फोडलं, तर आत गुलाबी अळी. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, तेच. बीटीच्या बियाण्याला बोंडअळी लागत नाही, हे आम्ही इतकी वर्षं ऐकत आलेलो. मी फोटो काढले आणि लिहिलं: "बोंड वरून हिरवंगार हाये, पन आतून अळीनं खाल्लं. पाकिटावर काय छापलं ते इसरा, अन् आपल्या वावरातलं बोंड फोडून पाहा." झालं. बियाणं विकणारे दुकानदार घरी आले आणि माझ्याशी नाही, इंद्रभानशी बोलले, बायकोला आवरा म्हणून. गावातले म्हणाले, ही बोभाटा करते, आता आपल्या कापसाला भाव कोण देईल? पिठाच्या गिरणीवर बाया माझ्याशी बोलेनात. मी दळण घेऊन यायचे आणि ओसरीवर नुसती बसून राहायचे. तो लेख काढून टाकावा असं एकदा नाही, अनेकदा वाटलं. काढला नाही, कारण अळी खरी होती.

पुढे शेजारच्या उंद्री गावाहून कोणीतरी आपल्या बोंडांचे फोटो पाठवले. मग आणखी गावांहून. आणि एके दुपारी संग्रामपूरच्या रहेमतुल्ला नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. त्यांनी बोंडं फोडून पाहिली होती, पऱ्हाटी लवकर उपटून हरभरा पेरला होता. म्हणाले, घरी बायकोला, चांदबीला, वाचता येत नाही, म्हणून तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती हरभरा पेरायला तयार नव्हती. ऐकल्यावर म्हणाली, "हे तं आपल्यातलीच बाई बोलून राह्यली. खोटं काऊन बोलीन?" बाबा, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की माझा ब्लॉग चालला. हजारोंनी वाचक त्यानंतर आले, कृषी सहायकांनी लेख गटागटांत फिरवले, गिरणीवरच्या बायाही बोलू लागल्या. पण चालला तो त्या फोनच्या दिवशी. त्या लेखाबद्दलही तुमचा संदेश होताच: 'पाहा' बरोबर, 'पन' चूक.

आता रागाचं कारण. गुरुवारी पुण्याहून एका प्रकाशक बाईंचा फोन आला. माझं पुस्तक त्यांना फार आवडलं म्हणे, काय शुद्ध भाषा. कुठलं पुस्तक? मागोमाग कुरिअरनं गठ्ठा आला. माझे सगळे लेख, तुम्ही 'सुधारून' परस्पर त्यांच्याकडे पाठवलेले. "बोंड बाह्यतः निरोगी दिसत असले तरी अंतर्भागात अळीचा प्रादुर्भाव आढळतो." चांदबी तर बातम्या दिल्यासारखी बोलते. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. मला इतके टोमणे मारणारी ती बाई, ती म्हणाली, "हे तू नाही लेहलं."

मी ऋत्विकला फोन करून ओरडले. तो म्हणाला, बाबांनी मोतीबिंदू घेऊन उन्हाळाभर एका बोटानं टाइप केलंय. का, असं त्यानं विचारलं तर तुम्ही म्हणालात, पुण्यात माझ्या पोरीला कोणी हसायला नको. मग मला आईनं पूर्वी सांगितलेलं आठवलं. बी.एड.ला पुण्यात गेलात, वर्गात उभं राहून "मले" म्हणालात, आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर तुम्ही आजीशीसुद्धा तसं बोलला नाहीत. ते दुःख मला दिसतं, बाबा. पण त्याच्यासाठी चांदबीच्या तोंडची बोली मी काढून घेणार नाही.

म्हणून हे पत्र. त्या गठ्ठ्यावर मी सही करणार नाही, हे प्रकाशक बाईंना सांगितलं. लिहिलं तसं छापा, नाहीतर राहू द्या. त्यांनी वेळ मागितला आणि काल होकार कळवला, पण एक अट आहे. त्यांच्याकडे वऱ्हाडी कोणालाच येत नाही. छापण्याआधी ओळ न् ओळ तपासणारा, आमची बोली लहानपणापासून बोललेला आणि शुद्धलेखनात कडक असा माणूस त्यांना हवा आहे. मी तुमचं नाव दिलं. तुम्हाला विचारलं नाही. तुम्हीही मला विचारलं नव्हतं. आधी डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या. मग 'मले'चं 'मला' झालेलं एकही ठिकाण मला दिसता कामा नये.

तुमचीच, अजून रागातच असलेली,
छाया