नव्वदच्या पुढे काटा चढतो

८ एप्रिल

गाडीचा नमदा आज काढला. सुटलो थंडीतून! सोनुन दर हिवाळ्याआधी लोकर थापून नवा नमदा करते, जीपच्या जाळीच्या मापाचा, कडेला लाल धाग्याची दुहेरी शिवण. गाडीच्या तोंडावर बांधला की इंजिन गारठत नाही. छत्तीस वर्षांत तीन गाड्या झाल्या, बायकोचं माप एकदाही चुकलं नाही.

तलांतचा बिश्केकहून फोन. "बाबा, बारा मेला निघाच. तेरा तारखेला आईला दाखल करायचंय. ही तारीख गेली तर पुन्हा दोन वर्षं विसरा."

सोनुनच्या खुब्याचं हाड पार झिजलंय. दोन काठ्यांवर अंगणापर्यंत जाते, बस्स. पाव तासाच्या वर बसवत नाही. म्हणजे भाड्याच्या गाडीत दाटीवाटीने नेणं बादच. आपल्या जीपची मागची सीट काढायची, गाद्या घालायच्या, आडवी न्यायची. सगळं ठरलंय.

रात्री जेवताना म्हणाली, "अहो, नाही गेलं तर नाही का चालणार?" म्हटलं, "तू चालावीस म्हणूनच जायचंय!" मी हसलो. तिने थाळी उचलली.

१४ एप्रिल

गाडी नीट बघून घ्यावी म्हणून तलावाकाठच्या बालिक्ची गावाला निघालो. साठ-सत्तरपर्यंत मख्खन. सरळ रस्त्याला नव्वदवर नेली आणि काटा चढायला लागला! तलावाच्या अलीकडे लाल रेषेला टेकला. थांबलो. वाफच वाफ. हळूहळू परत आलो तर काटा गपचूप खाली.

हे काय नवीन?

१५ एप्रिल

मुद्दाम वरच्या मेंढवाड्यापर्यंत नेली. दगड, चिखल, पहिल्या गिअरमध्ये तासभर चढ. काटा हलला नाही! डोंगरात थंड आणि डांबरी रस्त्यावर गरम. उलटंच सगळं.

फेब्रुवारीत जोल्चू मेकॅनिकने पाण्याचा पंप बदलला होता. "नवा आहे," म्हणाला. खोकं मात्र दाखवलं नव्हतं. आत्ता आठवलं.

१७ एप्रिल

जोल्चू आला. शाळेपासूनचा दोस्त, गावातल्या निम्म्या गाड्या त्याच्या हातच्या. थर्मोस्टॅट काढून किटलीतल्या उकळत्या पाण्यात टाकला. बरोबर उघडला. तरी बदलला. बेल्ट ताणून बघितला, झाकण बदललं.

म्हणाला, "एसेन, हळू चालवलीस तर पंखा पुरतो. जोरात गेलास की समोरचा वारा लागतो. आतली जाळी चोंदली असेल, नाहीतर खालचा पाईप आत ओढला जात असेल."

मी विचारलं, "आणि पंप?"

"पंपाला काय झालंय?"

"ते तू सांग."

हत्यारं आवरायला लागला. मी तीस वर्षं लोकरीच्या वजनकाट्यावर काढलीत. लोकर ओली करून आणणारा माणूस मी त्याच्या चालीवरून ओळखायचो. मला कोण फसवणार!

१९ एप्रिल

पुन्हा बालिक्ची. पुन्हा नव्वद. पुन्हा वाफ.

२३ एप्रिल

दूरोन येऊन गेला, माझा चुलतभाऊ. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "म्हातारी झाली रे ही. विकायची असेल तर आधी मला सांग." याला कुणी सांगितलं गाडी तापते म्हणून? मी तर कुठे बोललो नाही. जोल्चूच बोलला असणार! गाडी खिळखिळी करायची, मग दूरोनने पडत्या भावात उचलायची. दोघं मिळून. मला सगळं दिसतंय.

सोनुन म्हणते, "कशाला त्या गाडीला छळता? नको म्हणतेय बिचारी."

२८ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

जोल्चू सकाळीच आला, जाळी काढून धुतो म्हणाला. मला बाजारात पिटाळलं, खालचा पाईप आणायला. तासाभरात परत आलो तर बॉनेट बंद! जाळी जागच्या जागी, आणि हा घरात सोनुनसमोर चहा पीत बसलेला. मी आत शिरलो तशी दोघं गप्प. मधे मोडलेली नान. सोनुनचे डोळे लाल.

"पाईप राहू दे," म्हणाला. "गाडीला काही झालेलं नाही."

"काही नाही? मग तापते कशी?"

तो उठला, टोपी घातली. दारात म्हणाला, "एसेन, सारखं बॉनेटमध्ये डोकं घालू नकोस. जरा घरातही बघ."

घरातही बघ! म्हणजे काय? सोनुनला विचारलं. "काही नाही हो, खुबा दुखत होता म्हणून डोळ्यात पाणी आलं."

खोटं. ओल्या लोकरीचा वास येतोय मला.

३० एप्रिल

झोप नाही. दोघांचं काय शिजतंय? ती त्याला गाडी विकायला निघालीय का माझ्या मागे?

४ मे

शेजारी नातवाला पाळण्यात घालायचा समारंभ. सगळा मोहल्ला जमला. जोल्चूला माझ्यापेक्षा वरच्या जागेवर बसवलं, मांसाचा मोठा तुकडा त्याच्या पुढ्यात. मला राहवलं नाही.

"खा, खा! तुला जुना पंप नवा म्हणून पचतो, मग हे का नाही पचणार!"

मी थांबलो नाही. चोर म्हटलं. दूरोनचा दलाल म्हटलं. पन्नास वर्षांची दोस्ती आणि मी सगळ्यांदेखत!

त्याने सुरी खाली ठेवली. "बोल. अजून काही राहिलं असेल तर तेही बोल." बस्स, एवढंच. चूक नसती तर असा गप्प बसला असता का?

७ मे

तलांत : "बाबा, गाडी झाली ना?" म्हटलं, होईल. पाच दिवस राहिलेत. सोनुन गाद्यांना ऊन दाखवतेय, पण बॅग अजून भरलेली नाही.

११ मे

लिहिणं भाग आहे.

सकाळी एक आठवलं. जोल्चूचीच जुनी युक्ती, तरुणपणी त्यानेच दाखवलेली. इंजिन चालू ठेवायचं आणि जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरायचं. पंखा आत ओढतो, कागद जाळीला चिकटतो. उजव्या बाजूला धरलं, चिकटलं. डाव्या बाजूला धरलं, सळकन खाली! पुन्हा धरलं, पुन्हा खाली. अर्ध्या जाळीतून वाराच जात नव्हता!

वरची पट्टी सोडवली. एसीची जाळी पुढे, पाण्याची मागे, मधे चार बोटांची फट. फटीत बोटं घातली. मऊ लागलं. ओढलं.

नमदा. नवा. बरोब्बर अर्ध्या जाळीच्या मापाचा. कडेला लाल धाग्याची दुहेरी शिवण.

मग तसाच जोल्चूकडे चालत गेलो. तो एका ट्रकखाली होता. नमदा त्याच्यापुढे धरला.

बाहेर आला, हात पुसले. "मिळाला एकदाचा! मला अठ्ठावीसलाच मिळाला होता. वहिनीकडे घेऊन गेलो, तर तिने नान मोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, यावर हात ठेवून सांग, त्याला सांगणार नाहीस. परत होता तिथे ठेव. नानवर शब्द दिल्यावर काय करणार?"

"आणि मी तुला चोर म्हटलं तेव्हा..."

"तेव्हाही नान नानच होती ना, गाढवा!"

मी त्याच्या ओट्यावर बसलो आणि रडलो. साठीच्या माणसाने भर दुपारी! तो शेजारी बसला. मग म्हणाला, "तिची बहीण याच ऑपरेशनला शहरात गेली होती. कफनात गुंडाळून परत आणली. तू विसरलास. ती कशी विसरेल?"

एकदाच विचारलं होतं तिने, नाही गेलं तर नाही का चालणार. मी हसलो होतो. छत्तीस वर्षांत माझ्या तोंडावर तिला 'नाही' म्हणता आलं नाही. काठ्या टेकत अंगणात गेली, बॉनेट उघडलं, नमदा सरकवला, पण मला नाही म्हणाली नाही! कसला माणूस आहे मी?

घरी आलो. ती खिडकीत होती. तिच्याकडे न बघता नमदा होता तिथे सरकवला, पट्टी आवळली. नको असेल तिला तर नको. खोटं मी बोलेन.

१२ मे

पहाटे तलांतला फोन लावला. "इंजिन तापतंय रे. येणं जमत नाही."

मागून काठ्यांचा आवाज. सोनुन दारात, कोट घातलेला, काल मी परत सरकवलेला तो लाल धाग्याचा नमदा काखेत. फोन माझ्या हातातून घेतला.

"खोटं बोलतायत तुझे बाबा. इंजिन ठणठणीत आहे. मला भीती वाटते, फार भीती वाटते. ते सांग डॉक्टरांना. निघालोच आम्ही."

जोल्चू गाडी चालवतोय. मी मागे तिच्याजवळ बसून हे लिहितोय. नमदा तिच्या डोक्याखाली आहे. बूमचा घाट सरला, पंच्याण्णवचा वेग, काटा मध्यावर.