सोवळ्यातला सर्व्हर

कुंभकोणम,
बुधवार, ता. १८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. जयश्रीस,

सरोजाचे आशीर्वाद. आम्ही सगळे धड आहोत, तुम्हीही असालच. अकरा वर्षांनी लिहिते आहे म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझ्या कीर्तिसाठी लिहिते आहे.

माझ्या श्रीवत्साने देवघराच्या शेजारी एक सर्व्हर ठेवला आहे. म्हणजे काळी पेटी, तांदळाच्या डब्याएवढी. तिच्यात एक खेळ चालतो. मुलं आपापल्या घरी बसून त्यात येतात, खणतात, घरं बांधतात. दर शनिवारी सकाळी आमचा श्रीवत्स, दारासुरम्‌हून अरुणकुमार, आणि कॅनडातून एक मुलगी. तिला सगळे 'किकी' म्हणत. मी स्वयंपाकघरात दोशाचं पीठ बघत असायची. मला काय ठाऊक किकी कोण.

जुलैत आडी महिना लागल्यापासून खेळ अडकायला लागला. खेळातलं दार पाच मोजल्यावर उघडायचं. खणलेला दगड परत जागेवर यायचा. श्रीवत्साने वायर बदलली, मला टीव्ही लावू देईना, खेळ दहादा बंद करून सुरू केला, खेळात लांबवरचं दिसतं ते कमी केलं. काही नाही, नुसती ओरड. मग अरुणकुमार म्हणाला, किकीच्या नावापुढचा उशिराचा आकडा सगळ्यात मोठा आहे, तिच्यामुळेच सगळे अडतात. मला ती कटकट ऐकवेना. मी आतून सांगितलं, "एकीसाठी बाकीच्यांनी कशाला ताटकळायचं? काढा तिला बाहेर."

काढली. माईक चालू होता. तिने ऐकलं.

पुढच्या शनिवारी ती नव्हती आणि खेळ तसाच अडकत होता. त्या दिवशी मी पेटीवरचं सोवळं धुवायला काढलं. हो, सोवळं. आईचं वांगी रंगाचं रेशमी लुगडं आठवतं ना, त्याचा अर्धा तुकडा पेटीवर घातला होता. ही मुलं खरकटे हात लावतात आणि शेजारी देव. सोवळं म्हटल्यावर आपल्या घरात कोण हात लावतो? श्रीवत्सानेही लावला नाही. सगळं तपासलं, तेवढी पेटी सोडून. मी तुकडा उचलला तर पेटी दोशाच्या तव्यासारखी.

"हे असंच तापतं काय रे?"

"आई, किती दिवस झाकलंय?"

"आडीपासून."

त्याने डोकं धरलं. म्हणे पेटीला वारा लागतो, भोकं बुजली म्हणून ती दमून दमून चालत होती. अर्ध्या तासात खेळ सुरळीत.

मी विचारलं, मग त्या मुलीचा आकडा? म्हणाला, "ती लांब आहे, म्हणून तिचं तिलाच उशिरा पोचतं. त्याने दुसऱ्या कोणाचं काही अडत नाही." मग खाली बघून म्हणाला, "आई, किकी म्हणजे कीर्ति. जयश्रीमावशीची. तुला कळू नये म्हणून तसं म्हणत होतो. तिला चार हिरे एकदम सापडले ना, की ती 'गाय व्याली' म्हणते."

मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं.

साऱ्या गल्लीत पल्लांगुळी खेळताना फळीच्या खळग्यात चार कवड्या जमल्या की 'पसू' म्हणत, म्हणजे नुसतं गाय. 'गाय व्याली' म्हणणारी एक आपली आईच. तू कवड्या मुठीत धरून ओठ हलवत मोजत बसायचीस आणि मी म्हणायची, "टाक गं, सूर्य मावळला." एकदा मी फळीच उलटली. तू एकेक कवडी वेचलीस आणि चौदाही खळगे होते तसे भरलेस. सगळं तुझ्या ध्यानात होतं. मला राग आला होता, अजून आठवतो. त्या फळीपाशी बसलेली तू मला आता रोज दिसतेस, दोन वेण्यांतली.

आता ते दुसरं. आई गेली तेव्हा तू विमानात होतीस. गुरुमूर्ति शास्त्र्यांनी दहनासाठी थांबू दिलं नाही, असं मी तुला सांगितलं. खोटं. शास्त्री म्हणाले होते, "धाकटी येते आहे, संध्याकाळपर्यंत थांबता येईल." मीच नको म्हटलं. कित्येक दिवस आईच्या उशाशी बसून मी आंबले होते, मला आणखी कोणाची वाट बघायची नव्हती. तू चार वाजता उंबऱ्यात येऊन विचारलंस, "आई कोठे आहे?" आणि मी शास्त्र्यांचं नाव घेतलं. तुझ्यासाठी थांबलो असतो तर कोणाचं काही अडलं नसतं, जयू.

कीर्तिने श्रीवत्साला कळवलं, आई आता त्या खेळात जाऊ नको म्हणते. तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण तिला येऊ दे. तिने काही अडवलं नव्हतं, झाकून ठेवणारी मी. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, तिला येऊ दे.

श्रीवत्स म्हणतो पत्राचा फोटो काढू, आत्ता मिळेल. मी नको म्हटलं. टपालाला तीन आठवडे लागतील म्हणे. मग तू वाचशील, मग ओठ हलवत बसशील. हवं तितकं बस. पत्राच्या शेवटी 'आता थांबते' असं लिहायचं आईने शिकवलं होतं. मी ते लिहून लगेच उठून कामाला लागायची.

आता थांबते.

तुझी
सरोजाक्का