शाहीनच्या अम्मीची चाल

९ नोव्हें.
शाहीनची ॲनिमेशनची फिल्म आली. सात मिनिटं. दिवसभर नळदुर्गातल्या फ्लेक्सच्या दुकानात पुढाऱ्यांचे चेहरे गोरे करते, उरल्या वेळात टॅबवर एकेक चित्र काढून हे. दोन वर्षं. सोबत निरोप : "मॅडम, शाळेत वही तपासायचात तसं तपासा. गोड बोलू नका." मी कधी गोड बोलले?

१० नोव्हें.
सहा वेळा पाहिली. शिलाई मशीनवर तिची अम्मी. मान खाली, ओठात टाचणी. हुबेहूब. वीस वर्षं माझे ब्लाउज याच बाईनं शिवले. जाऊन तीन वर्षं होतील.
शेवटी ती उठते, अंगणातून दारापर्यंत जाते. तिथं घोळ. डावा खांदा खाली पडतो, पाय फरफटतो. दोन पावलं एकसारखी नाहीत. चालण्याची दहाबारा चित्रं काढून तीच फिरवतात, एवढं मीही वाचलंय. हिनं प्रत्येक पाऊल वेगळं काढलं आणि प्रत्येक चुकवलं.
लाल पेननं लिहिलं : ताल नाही. अंगाचं वजन चुकलं. सगळी चाल पुन्हा काढ. पानाचा फोटो पाठवला.
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, आधी चांगलं सांगावं, मग उणं. मशीनवरची अम्मी हुबेहूब आहे, हे लिहायचं राहिलं. राहिलं कसलं. लिहिलं नाही.

१२ नोव्हें.
उत्तर : "जी मॅडम." एवढंच. फुगली असणार. हल्ली कुणाला टीका सोसत नाही.

४ डिसें.
फुगली नव्हती. नवी चाल आली. ताठ, हलकी, एकसारखी. लिहिलं : उत्तम.

७ डिसें.
स्टँडवर शाहीनचे मामा भेटले, जळकोटचे. भाचीनं फिल्म दाखवली म्हणे. बहिणीच्या आठवणीनं डोळे पुसत होते.
"बाजी कैसी सीधी चल रई उसमें. जिंदगीत अशी चालली न्हाय बगा."
म्हटलं, म्हणजे?
"लहानपनीच पाय गेलता की तिचा. तुमाला ठाव न्हाय?"
नाही. मी जायची तेव्हा ती मशीनवर. मापाला जुना ब्लाउज मागायची, त्यामुळे उठायचं कारणच नाही. शिवलेला ब्लाउजही बसूनच, शाहीनच्या हाती द्यायची. मला तो तोरा वाटायचा. घरी येऊन तसं बोललेही आहे.

८ डिसें.
शाहीनला फोन.
"सांगितलं का नाहीस?"
"तुम्ही चूक म्हणलाव ना मॅडम. मला वाटलं, चित्रात चूकच दिसत असंल."
जुनी चित्रं विचारली. टॅब भरला होता, पुसली. मग म्हणाली, "अम्मी कॅमेरा दिसला की मशीनवर जाऊन बसायची. चालतानाचा एक फोटो न्हाय. ध्यानात होतं तेवढं काढलेलं."
माफी मागितली. आयुष्यात कितव्यांदा, माहीत नाही. फार वेळा नाही.
"राहू द्या मॅडम. मामूंना आवडलं. अम्मीला पण आवडलं असतं बहुतेक."
हे तिनं मला सोडवायला म्हटलं की खरंच? खरंही असेल. तेच तर बोचतं.

९ डिसें.
जेवण नको वाटलं. शाळेतल्या किती वह्या आठवतात. लाल पेन कचऱ्यात टाकलं. नाटक नुसतं. दुसरं आहे कपाटात.

१४ डिसें.
फिल्म स्पर्धेला पाठवायची मुदत महिनाअखेर. ही सरळ चाल ठेवू का जुनी परत काढू, विचारते. अजून मलाच. "तुम्ही सांगाल तसं." म्हटलं, घरी ये.
आली. वहीत लिहून ठेवलं होतं, या खेपेला चांगलं आधी. एकही ओळ वाचायची वेळ आली नाही. तिनंच चपला बाजूला सरकवल्या, ओढणी खोचली आणि अम्मीसारखं चालून दाखवायला लागली, खिडकीपासून दाराकडं. खांदा खाली. पाय मागं. मग अर्ध्यात थांबली.
"डावा हात कुठं ठेवायची मॅडम? मांडीवर का कमरेवर? काढलं तवा माहीत होतं."
माझ्याकडं बघत होती. मी त्या बाईला बसलेलीच पाहिली.
"पुन्हा चाल," म्हटलं.
ती परत खिडकीशी गेली.